कळ थांबली तरी काऊंट पाहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आपण छातीतल्या जळजळीलाही ‘पित्त’च म्हणतो आणि पित्ताशयाच्या दुखण्यालाही, त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून खांद्यामागे जाणारी कळसुद्धा पुष्कळदा कोकमाच्या सरबतावर निभावली जाते. पण खड्याने पित्ताशयाची नळी अडून राहिली, तर आतला दाब वाढत जातो, पिशवीच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सडू लागते. सोनोग्राफीत खडे आणि सूज सहसा दिसतात. सडण्याची सुरुवात मात्र नजरेतून सुटू शकते.

अशा वेळी रक्ताचा साधा रिपोर्ट बरेच काही सांगतो. आपण ज्याला ‘काऊंट’ म्हणतो, त्या पांढऱ्या पेशी एरवी मायक्रोलिटरमागे 4 ते 11 हजार असतात. पित्ताशयाच्या सुजेवर डॉक्टरांसाठी केलेल्या 2018 च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांत या आजाराच्या तीन पायऱ्या आहेत आणि काऊंट 18 हजारांच्या वर गेला की रुग्ण निदान दुसऱ्या पायरीवर धरला जातो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर किंवा प्लेटलेट 1 लाखाच्या खाली गेल्या, तर इतर अवयवही कोलमडू लागल्याचे समजून तिसरी, सर्वांत गंभीर पायरी मानतात. त्याच कागदावर पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांपैकी न्यूट्रोफिल 84 टक्के आणि लिम्फोसाइट 7 टक्के दिसले, तर त्यांचे गुणोत्तर 12 येते. निरोगी माणसात ते साधारण 1 ते 3 असते. हा भागाकार करायला वेगळी तपासणी लागत नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी मला तो फार मोलाचा वाटतो.

काऊंटबरोबर पाहायचा दुसरा आकडा सीआरपीचा. हे प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. शरीरात कुठेही मोठी सूज आली की यकृत ते तयार करते, त्यामुळे सूज नेमकी कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. काही अभ्यासांत लिटरमागे 200 मिलिग्रॅमहून अधिक सीआरपी असलेल्यांचे पित्ताशय सडलेले असण्याचे प्रमाण जास्त आढळले. मात्र काही प्रयोगशाळा हाच आकडा डेसिलिटरमागे, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे देतात. तिथे 20 म्हणजेच 200, म्हणून आकड्याशेजारचे एकक वाचलेच पाहिजे.

वेळेचाही विचार हवा. सीआरपी वाढायला सहा-आठ तास लागतात आणि ते सुमारे 48 तासांनी शिखर गाठते, त्यामुळे कळ उठल्यावर लगेच काढलेल्या रक्तात ते कमी दिसू शकते. पुढे पिशवीच्या भिंतीतले मज्जातंतूच मेले तर वेदना ओसरते, आणि मधुमेहींना मुळातच ती कमी जाणवू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागलेल्या रुग्णाला घेऊन खानापूरला परतण्याआधी काऊंट आणि सीआरपी पुन्हा तपासावेत. पोट शांत होऊनही हे आकडे चढतच असतील, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.