डेल्टिकचं मॉडेल : खोक्यातून काढण्याआधी हे वाचा

तुम्ही घेतलेलं मॉडेल ब्रिटिश रेल्वेच्या 'क्लास ५५', म्हणजे डेल्टिक इंजिनाचं आहे. माप ओओ, म्हणजे १:७६.२. मूळ इंजिन २१ मीटरांहून जरासं लांब, हे साधारण २८ सेंटिमीटर.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार : "रूळ अरुंद वाटतात हो!" वाटतात, कारण ते आहेतच. हिशेबाने दोन रुळांत १८.८३ मिमी अंतर हवं, आहे १६.५. ब्रिटिश गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान. एचओ या युरोपात चालणाऱ्या मापात (१:८७) त्या बनवल्या, तर त्या काळच्या मोटरी आत मावत नसत. मग गाडी मोठी केली आणि रूळ एचओचेच ठेवले. म्हणून एचओचे रूळ बिनधास्त वापरा. एचओचे डबे मात्र हिच्यामागे ठेंगणे दिसतील.

खरी डेल्टिक इंजिनं २२, सगळी १९६१-६२ मधली, न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. (१८५३ च्या आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनंही याच कारखान्यातली.) प्रत्येक रेल्वे इंजिनात नेपियर कंपनीची दोन डिझेल इंजिनं. एकेकात त्रिकोणात रचलेले १८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन. ग्रीक 'डेल्टा' हे अक्षर त्रिकोणी, त्यावरून हे नाव. एकूण ताकद ३३०० अश्वशक्ती. लंडन-एडिनबरा मार्गावर ती ताशी १०० मैल वेगाने धावली, आणि त्यातली शेवटची जानेवारी १९८२ मध्ये निवृत्त झाली.

डबे निवडताना इंजिनाचा नंबर बघा. 'डी९...' नंबर आणि दोन छटांचा हिरवा रंग म्हणजे साठचं दशक, '५५०...' आणि निळा म्हणजे त्यानंतरचं. गंमत म्हणजे डी९००० चा नवा नंबर ५५०२२ झाला, ५५००० नव्हे!

पहिल्यांदा चालवताना डबे न जोडता, मध्यम वेगाने, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवा. वळणाची त्रिज्या ४३८ मिमीपेक्षा कमी नको. साध्या (डिजिटल नसलेल्या) कंट्रोलरवर चालवत असाल तर १२ व्होल्ट डीसीच द्या. मोबाइलचा किंवा दुसरा घरगुती अ‍ॅडॉप्टर जोडू नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, रुळांवर काळपट थर धरतो आणि इंजिन गचके खातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसा. पॉलिशपेपर नको. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, तेही प्लास्टिकला चालणारं. खोबरेल तर अजिबात नको, थंडीत गोठतं.

नावाच्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत आहेत. त्या चिकटवल्या की मॉडेल परत घेता येत नाही.