श्रोणि-अवयव भ्रंश : आहार आणि मलविसर्जन

मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदांत्र (मोठ्या आतड्याचा गुदद्वाराजवळचा शेवटचा भाग) यांचा आधार सैल पडून ते योनिमार्गात उतरणे, म्हणजे श्रोणि-अवयव भ्रंश. बोलीत याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. योनिमार्गे झालेली बाळंतपणे, वाढते वय आणि स्थूलता ही मुख्य कारणे. जुनाट बद्धकोष्ठ व कुंथण्याची सवय त्यांत भर घालतात.

कुंथताना श्वास कोंडला जातो, पोटातला दाब वाढतो आणि त्याचा भार श्रोणितलावर, म्हणजे या अवयवांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंवर येतो. वर्षानुवर्षे हे चालले, की गुदद्वार व योनी यांच्यामधला भाग खाली उतरू लागतो. पार्क्स, पोर्टर व हार्डकॅसल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६६ मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले. अशा उतारात प्यूडेंडल तंत्रिका (या भागातील स्नायूंना जाणारी नस) ताणली जाते, असे पुढे मानले गेले.

गुदांत्राचा पुढचा भाग योनीच्या मागील भिंतीत फुगतो, त्याला रेक्टोसील म्हणतात. गुदांत्र व योनी यांमध्ये स्वतंत्र प्रावरणी (तंतूंचा पातळ पडदा) असते की नाही, यावर शरीररचनाशास्त्रात दीर्घकाळ मतभेद आहेत. फ्रेंच शल्यचिकित्सक देनोंव्हिलिए यांनी १८३६ मध्ये वर्णिलेला पडदा पुरुषांमधला होता; स्त्रियांमध्ये त्याचे समरूप शोधण्याचा प्रयत्न नंतर झाला. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ रिचर्डसन यांनी १९९३ मध्ये या पडद्यातील ठरावीक जागच्या फाटींना रेक्टोसीलचे कारण मानले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र काही अभ्यासकांना तेथे वेगळा थर आढळला नाही, केवळ योनिभित्तीचेच तंतू दिसले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

बद्धकोष्ठामुळे भ्रंश होतो की भ्रंशामुळे बद्धकोष्ठ, हेही सरळ सांगता येत नाही. फुगवट्याचा आकार आणि त्रासाची तीव्रता यांचा मेळ अनेकदा बसत नाही. मल फुगवट्यात अडकल्याने काही स्त्रियांना योनीत बोट घालून मागची भिंत दाबावी लागते, तेव्हाच पोट साफ होते. ही गोष्ट लाजेपोटी डॉक्टरांनाही सांगितली जात नाही. म्हणून तपासणाऱ्याने ती आपुलकीने, पण स्पष्ट विचारायला हवी.

आहाराने उतरलेला अवयव वर जात नाही. कुंथणे मात्र कमी होते, आणि तेच महत्त्वाचे. प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम आहारातील तंतू (फायबर) पुरेसे धरतात. धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या, फळे किंवा ईसबगोल यांतून ते मिळतात. प्रमाण हळूहळू वाढवावे, सोबत पुरेसे पाणी प्यावे; एकदम वाढवल्यास पोट फुगते. मोठ्या आतड्याची गती मंदावलेली असल्यास जादा तंतूंनी त्रास वाढू शकतो. तेव्हा लॅक्ट्युलोजसारखे मल मऊ करणारे औषध बरे. लोहाच्या गोळ्यांनी व अफूजन्य वेदनाशामकांनीही मल घट्ट होतो.

शौचाला बसताना पायांखाली पाट घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर ठेवले, की गुदांत्राचा वाक सरळ होतो. कळ आली की दाबू नये. भ्रंशाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके भरून येईपर्यंत मल मऊ राखतात.