अठराव्या गणावरची 'निष्क्रिय' ही पाटी कशी उतरली

पी-ब्लॉक म्हणजे आवर्तसारणीच्या उजव्या हाताचे सहा गण (उभे स्तंभ), १३ पासून १८ पर्यंत. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरिन ही सगळ्यांच्या ओळखीची मंडळी इथलीच. यातला अठरावा गण, म्हणजे हीलियम, निऑन, आरगॉन, झेनॉन अशा वायूंचा, सर्वांत उशिरा आला. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडताना न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या होत्या, पण या गणासाठी एकही नव्हती. गण आला आणि आल्याआल्या त्याच्या कपाळी 'निष्क्रिय' हा शिक्का बसला. तो पुसायला ६८ वर्षं लागली.

खरं तर पहिली खूण १७८५ मध्येच मिळाली होती. हेन्री कॅव्हेंडिशने हवेत जादा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड अल्कलीच्या द्रावणात शोषून घेतले. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला, तरी नळीत एक बारीकसा बुडबुडा राहिलाच. नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, अशी त्याने नोंद केली. आजच्या हिशेबाने तो सुमारे १/८४ असायला हवा होता. त्या काळची साधनं पाहता हा आकडा थक्क करणाराच. पण बुडबुडा कशाचा, हे शंभराहून अधिक वर्षं कुणी विचारलं नाही.

विचारणं भाग पाडलं ते तराजूने. लॉर्ड रॅले वायूंच्या घनता मोजत होते. तोच काचगोल त्यांनी हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनने भरला तेव्हा आतल्या वायूचं वजन भरलं २.३१० ग्रॅम, रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनने भरला तेव्हा २.२९९ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कुणी असता तर प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅलेंनी १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच कोडं घातलं. विल्यम रॅम्झींनी मग तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा फिरवला. मॅग्नेशियम नायट्रोजनला गिळत गेलं आणि मागे एक जड वायू उरला. ऑगस्ट १८९४ मध्ये त्याची घोषणा झाली. नाव पडलं आरगॉन, ग्रीक भाषेत 'आळशी'.

मेंडेलीव्हला हे पटेना. अणुवस्तुमान ४० चं हे मूलद्रव्य सारणीत बसवायचं कुठे? ३९ च्या पोटॅशियमच्या आधी ठेवलं तर क्रमच बिघडतो. हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, अशी शंका त्याने काढली. पण पुढच्याच वर्षी रॅम्झींना क्लीव्हाइट या खनिजात हीलियम सापडला. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, गुंटूरहून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी केलेल्या निरीक्षणांनंतर, सूर्याच्या वर्णपटात ज्याची पिवळी रेषा लक्षात आली होती, तोच हा. १८९८ मध्ये रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून काही आठवड्यांच्या आत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन वेगळे केले. आता एकटादुकटा पाहुणा नव्हता, अख्खं कुटुंब दारात उभं होतं. (पी-ब्लॉकला नाव देणाऱ्या 'पी' कक्षिकेतला इलेक्ट्रॉन हीलियमकडे एकही नाही, तो या रांगेत आहे तो गुणांमुळे.)

निष्क्रियतेचा शिक्का मात्र आरगॉनवरूनच पडला होता. १८८६ मध्ये फ्लोरिन पहिल्यांदा मोकळा करणाऱ्या आंरी म्वासाँकडे रॅम्झींनी थोडा आरगॉन पाठवला. फ्लोरिन ज्याला सोडत नाही असं फार थोडं आहे, पण इथे काहीच घडलं नाही. शितावरून भाताची परीक्षा झाली, आणि नेमकं शीतच चुकीचं निवडलं होतं. आरगॉनचा अणू लहान, त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकाने घट्ट धरलेले. झेनॉनचे त्या मानाने सैल. पण हवेच्या एक कोटी अणुरेणूंत झेनॉनचा जेमतेम एखादा. प्रयोगाला तो आणायचा कुठून?

पुढे १९१६ च्या सुमारास कोसेल आणि लुईस यांनी बाह्य कक्षेतल्या आठ इलेक्ट्रॉनांची कल्पना मांडली, आणि या वायूंच्या आळसाला कारणही मिळालं. अष्टक पूर्ण, म्हणून देणं-घेणं नाही. माझ्या मते खरी अडचण इथे झाली: निरीक्षणाचा नियम झाला. लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉनचं फ्लोराइड शक्य आहे असं भाकीत केलं, त्यावरून योस्ट आणि काये यांनी प्रयोगही केले, पण हाती काही लागलं नाही. मग तीसेक वर्षं तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट कॅनडात व्हँकुव्हरला प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या प्लॅटिनम-फ्लोरिनच्या संयुगावर काम करत होते. या संयुगाने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतल्याचं त्यांना दिसलं. ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) मोलला सुमारे ११७५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. म्हणजे झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढणं उलट किंचित सोपंच. २३ मार्च १९६२ च्या संध्याकाळी त्यांनी दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडला. गडद लाल वाफ झेनॉनला भिडली आणि नळीत पिवळसर नारिंगी घन पदार्थ जमला. ते सांगायला बार्टलेट बाहेर धावले, पण जेवणाची वेळ झालेली, इमारतीत कुणीच नव्हतं. त्या पदार्थाचं त्यांनी दिलेलं सूत्र पुढे अपुरं ठरलं, तो मिश्रण निघाला. पण दार उघडलं ते उघडलंच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत (नावातलं साम्य हा निव्वळ योगायोग!) झेनॉन आणि फ्लोरिन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सिअसला तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. खुद्द आरगॉनचं पहिलं संयुग हेलसिंकीत २००० साली बनलं, तेही निरपेक्ष शून्याच्या जवळपास गोठवलेल्या अवस्थेत.

यातली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट थोडी नंतर कळली. कोरडा झेनॉन आणि फ्लोरिन काचेच्या फुग्यात भरून नुसता उन्हात ठेवला, तरी काही काळाने काचेवर झेनॉन डायफ्लोराइडचे पांढरे स्फटिक जमू लागतात.