रिझोल्यूशन (डिजिटल व्हिडिओतील)

डिजिटल व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये आडवे व उभे किती पिक्सेल (चित्र घडवणारे ठिपके) आहेत, हे सांगणाऱ्या मापाला व्यवहारात रिझोल्यूशन म्हणतात. १९२० × १०८० म्हणजे एका ओळीत १९२० पिक्सेल आणि अशा १०८० ओळी, एकूण २०,७३,६०० पिक्सेल. फोर-के टीव्हीवर ते ३८४० × २१६० असतात. रुंदी व उंची दोन्ही दुप्पट झाल्याने एकूण संख्या चौपट भरते. रिझोल्यूशन म्हणून सांगितला जाणारा इंचामागे ३०० बिंदू हा हिशेब छपाईचा आहे. पत्रिका छापणाऱ्याने तो विचारणे रास्तच, व्हिडिओत मात्र त्याला काही अर्थ नाही.

पिक्सेल चौरस असतोच असे नाही. भारतात रूढ असलेल्या पाल (PAL) या टीव्ही-चित्रपद्धतीच्या डीव्हीडीत फ्रेम ७२० × ५७६ अशी साठवलेली असते. हे प्रमाण ५:४ पडते, पण चित्र ४:३ दाखवायचे असल्याने प्रत्येक पिक्सेल किंचित आडवा धरला जातो. नाशिकमधल्या एखाद्या घरातली लग्नाची जुनी डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेताना पिक्सेल चौरस मानले, तर नवरा-नवरी उगाच सडपातळ दिसतात. तेच चित्र १६:९ च्या टीव्हीवर ताणून भरले, की मुंडावळ्यांसकट चेहरे रुंदावतात. फ्रेम ७६८ × ५७६ करून घ्यावी आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात. ती १०८० ओळींपर्यंत फुगवल्याने कॅमेऱ्याने न टिपलेले शालूवरचे जरीकाम काही उमटत नाही.

जास्त पिक्सेलचा खरा उपयोग संकलनात होतो. रामकुंडावरची गोदाआरती फोर-केमध्ये टिपली आणि अंतिम व्हिडिओ १०८० चा ठेवला, तर फ्रेमचा चौथा हिस्सा, म्हणजे एकच पुजारी व त्याच्या हातातली आरती, पिक्सेल न ताणता पडदाभर दाखवता येतो; फोकस चुकलेला असेल, तर मात्र ती चूकही पडदाभर दिसते.

फ्रेमचा आकार तोच राहूनही चित्र बिघडू शकते, कारण स्पष्टता बिटरेटवरही, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी किती डेटा वापरला यावरही, अवलंबून असते. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगाला ८-८ बिट देणारे १०८० चे चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवायचे, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने दर सेकंदाला सुमारे १५५ एमबी लागतील. म्हणून ते दाबावेच लागते. हलते पाणी, धूर, ज्योती प्रत्येक फ्रेमला बदलत असल्याने बिटरेट अपुरा पडला, की गोदावरीच्या पाण्यात चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

अखेरची मर्यादा पडद्याची. गणेशोत्सवातल्या ४ मीटर रुंद एलईडी भिंतीवर दिव्यांमधले अंतर ४ मिलिमीटर असेल, तर आडवे पिक्सेल १००० च भरतात, मग फाइल फोर-केची असली तरी.