लाईफ कोचिंग आलं कुठून?

लाईफ कोच म्हटलं की बऱ्याच जणांना अर्धा सायकॉलॉजिस्ट वाटतो, पण हा धंदा दवाखान्यातून आलेलाच नाही, आलाय टेनिस कोर्टावरून आणि हॉटेलच्या हॉलमधून.

१९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात टिम गॅलवे टेनिस शिकवायचा. हात असा ठेव, पाय तसा टाक असं सारखं सांगत बसलं की शिकणारा जास्तच गडबडतो हे त्याच्या लक्षात आलं, मग त्याने एक साधी युक्ती काढली, चेंडूचा टप्पा पडला की तोंडाने 'बाउन्स' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'हिट', बाकी डोकं चालवायचं नाही. फटके आपोआप सुधारायला लागले! १९७४ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि टेनिसशी काही घेणंदेणं नसलेल्या मॅनेजर लोकांनी ते उचललं. पुढे जॉन व्हिटमोर या माजी रेसिंग ड्रायव्हरने हीच पद्धत ब्रिटनमधल्या कंपन्यांत नेली, आज सगळीकडे शिकवतात ते 'ग्रो' मॉडेल (ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, कृती या क्रमाने प्रश्न विचारायची पद्धत) तिथलंच. म्हणजे समजा तुम्ही म्हणालात नोकरी सोडायचीय, तर कोच सोडा पण म्हणत नाही आणि नका सोडू पण म्हणत नाही. सहा महिन्यांनी नेमकं काय झालेलं हवंय? आत्ता हातात काय आहे? अजून काय काय करता येईल? आणि त्यातलं या आठवड्यात काय करणार, कोणत्या दिवशी? पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच, आणि मला विचाराल तर लोक पैसे मोजतात ते या पाठपुराव्याचेच.

दुसरा धागा व्हर्नर एरहार्डचा. हा मूळचा गाड्या आणि एन्सायक्लोपीडिया विकणारा सेल्समन, १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने 'एस्ट' नावाचं स्वतःला बदलायचं ट्रेनिंग सुरू केलं, शेकडो माणसं दोन वीकेंड एका हॉलमध्ये, बाथरूमला जायलाही ब्रेकची वाट बघायची. याच एरहार्डने १९७४ मध्ये आपल्या गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांचा अमेरिका दौरा स्पॉन्सर केला होता, म्हणजे सेल्स आणि अध्यात्म याचं कॉकटेल तेव्हाच तयार होतं.

एरहार्डच्याच वर्तुळातला थॉमस लिओनार्ड पेशाने फायनान्शियल प्लॅनर. त्याच्याकडे येणाऱ्या लोकांचं पैशाचं बरं चाललेलं असायचं, पण बोलायचं असायचं आयुष्याबद्दल. त्याने याचाच व्यवसाय केला, १९९२ मध्ये 'कोच यू' ही कोच घडवणारी शाळा काढली, क्लास चक्क फोनवरून, आणि १९९५ मध्ये आयसीएफ ही कोचेसची संघटना. आयसीएफचं पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) सर्टिफिकेट हवं तर कोचिंगचे ५०० तास भरावे लागतात, पण ते घेतलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे वीकेंडचा कोर्स करून पाटी लावणारा आणि हजार तास घातलेला दोघंही लाईफ कोचच. डिप्रेशन वगैरे दिसलं तर क्लायंटला डॉक्टरकडे पाठवणं हे चांगला कोच आपलं कामच समजतो, पाटीवाला बहुतेक वेळा अजून एक पॅकेज विकतो.