आई बंदरावर, बाळ आत्याच्या कडेवर

संध्याकाळी कोकणातल्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव रंगात येतो, तेव्हा मासे घ्यायला जमलेल्या बायकांत तान्ह्या मुलांच्या आयाही असतात. बाळ घरी आजीजवळ, आत्याच्या कडेवर, नाहीतर शेजारच्या काकीकडे. बाप बोटीवर किंवा मुंबईला. या बाळाला कुणाचा लळा आहे हे अभ्यासायचं, तर पाहायचं कुणाकडे?

बालमानसशास्त्र बराच काळ आईकडेच पाहत राहिलं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला बसवलेली सुमारे २० मिनिटांची चाचणी प्रसिद्ध आहे. वर्ष-दीड वर्षाचं मूल आईबरोबर नव्या खोलीत येतं. एक परकी बाई येते, आई बाहेर जाते, थोड्या वेळाने परतते. मूल रडलं का, यापेक्षा आई आल्यावर ते काय करतं याला महत्त्व: बिलगून पुन्हा खेळायला लागतं, तिला टाळतं, की कडेवर घेतलं तरी धुसफुसत राहतं?

चाचणी बारकाईची आहे, यात शंका नाही. पण जपानमध्ये साप्पोरोला ती केली तेव्हा बरीच मुलं आई परतल्यावरही शांत होईनात. आईपासून दूर राहायची त्यांना सवयच नव्हती. मग मोजलं ते नातं, की नुसता धसका? कोकणातलं मूल तर आई जाण्या-येण्याला सरावलेलं. त्याच्या शांतपणाचाही चुकीचा अर्थ निघू शकतो.

मला जास्त मोलाचा वाटतो तो रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांचा ग्लासगोमधला अभ्यास. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी ६० बाळांच्या घरी वारंवार जाऊन नोंदी घेतल्या. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता. आणि तो भरवण्या-न्हाऊ घालण्यावर ठरत नव्हता. बाळाच्या हाकेला कोण चटकन ओ देतं, त्याच्याशी कोण खेळतं, यावर ठरत होता.

म्हणून माणसांनी भरलेलं घर म्हणजे सुरक्षित मूल, असं मी म्हणणार नाही. घरातला प्रत्येक जण मोबाइलमध्ये असेल तर कडेवर घेणारे चार जण असूनही बाळ एकटंच. पडवीत दिवसभर बसून पाहायला हवं: रडलं की कोण उठतं, किती वेळाने, बोबड्या बोलांना उत्तर कोण देतं. जून-जुलैत मासेमारी बंद असताना बाप घरी असतो, तेव्हाच्या नोंदी वेगळ्या हव्यात. गणपतीत चाकरमान्यांनी घर भरतं, कुणीतरी अनोळखी काका उचलून घेतो. तेव्हा मूल आधी कुणाच्या तोंडाकडे बघतं, हेही टिपायला हवं.