पिवळ्या पायांच्या गांधीलमाशीचं माहेर कसं सापडलं

मधमाश्या मारून खाणारी, युरोपातल्या मधमाशीपालकांची झोप उडवणारी ती पिवळ्या पायांची गांधीलमाशी, व्हेस्पा व्हेल्युटिना, मुळात तिकडची नाहीच. ती आशियातली, अगदी आपल्या ईशान्य भारतातसुद्धा आहे. फ्रान्सच्या नैऋत्येला लो-ए-गारोन भागात २००४ मध्ये तिची पहिली नोंद झाली. चीनवरून मागवलेल्या मातीच्या कुंड्यांमधून आली असावी असं म्हणतात, आणि ते पटतं, कारण गाभण राणी अख्खा हिवाळा कुठल्यातरी सांदीत निपचित पडून काढते.

पण चीन काय लहान आहे का? मग संशोधकांनी युरोपातल्या माश्यांचा डीएनए आशियातल्या ठिकठिकाणच्या नमुन्यांशी ताडून बघितला, २०१५ मध्ये पेपर आला आणि बोट गेलं पूर्व चीनच्या झेजियांग-जिआंगसू पट्ट्याकडे. त्याहून भारी म्हणजे युरोपात जनुकीय विविधता इतकी कमी निघाली की हा सगळा पसारा मोजक्या राण्यांचा, कदाचित एकाच राणीचा असणार! २०२१ मध्ये डब्लिनला आयर्लंडमधली पहिली सापडली तेव्हा तिथल्या लोकांनी फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला, आणि युरोपभर तोच एक प्रकार.

आता एकटी राणी एवढं कसं करेल? तर ती बऱ्याच नरांशी जुळते आणि त्यांचं वीर्य पोटात साठवून ठेवते, म्हणजे राणी एक असली तरी बाप अनेक. तरी नात्यातल्या नात्यात जुळण्याचा फटका बसलाच, फ्रान्समधल्या पोळ्यांत कामकरी माद्या व्हायला हव्या होत्या त्या फलित अंड्यांतून नर निघाले, ते पोळ्याच्या काहीच कामाचे नाहीत. एवढं होऊनही २०१० ला स्पेन, २०११ ला पोर्तुगाल, २०१६ ला ब्रिटन! मला वाटतं यात तिथल्या मधमाशीचाही वाटा आहे, आपली सातेरी मधमाशी गांधीलमाशीला घोळक्याने घेरून उष्णतेने मारते, युरोपियन मेलिफेरा मधमाशीला ते तितकं जमत नाही.

ब्रिटनमध्ये तर आता हा डीएनए एकेका पोळ्यापर्यंत पोचलाय. २०२४ मध्ये ईस्ट ससेक्समधल्या फोर ओक्सला पकडलेल्या ३ राण्या जवळच्याच राय गावात २०२३ च्या नोव्हेंबरात नष्ट केलेल्या पोळ्याच्या लेकी निघाल्या, म्हणजे पोळं काढायच्या आधीच त्या उडालेल्या आणि हिवाळाही तिथेच काढलेला.